पोपटी मोज्याचे नऊ नियम

माणूस वस्तूला हात कसा लावतो, यावरून त्याची संस्कृती ओळखावी. हे वाक्य माझंच आहे. एका वहीच्या पहिल्या पानावर मी ते वेगळ्या ओळीत, जरा मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. त्याच्याखाली त्याच शाईत पुढची नोंद आहे: पोपटी मोजा, दोरे लांब, ओला झाल्यावर जड. निळा मोजा, दोरे आखूड, अंगठ्याला घट्ट. वही गाडी धुण्याच्या हातमोज्यांची होती.

मी एका कंपनीत यंत्रांच्या वापराच्या सूचना लिहिते. झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा, असली वाक्यं. ती कोणी वाचत नाही, पण अपघात झाला की सगळे तीच शोधतात. या कामासाठी मी महाराष्ट्रातून म्हैसूरला आले आणि सरस्वतीपुरममध्ये तळमजल्याचं घर भाड्याने घेतलं. मध्यंतरी लग्न झालं आणि काही वर्षांनी ते संपलं. त्यानंतर मी काळी गाडी घेतली, बरोबर रात्री घालायला एक पातळ कव्हरही. विकणारा म्हणाला होता, काळ्या रंगावर सगळं दिसतं, मॅडम. मला ती तारीफ वाटली.

आई गेल्यावर वडील माझ्याकडे आले. सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी ते शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी परीक्षानळ्या, चंचुपात्रं आणि ब्युरेट धुतले. गुरुजी प्रयोग करून दाखवायचे, टाळ्या मिळवायचे आणि निघून जायचे. मग वडील ब्रश घेऊन उभे राहायचे. त्याबद्दल त्यांची तक्रार कधीच नव्हती. गुरुजींना काच धरता येत नाही, एवढंच ते अधूनमधून म्हणत.

त्यांच्या माझ्याकडे राहण्यात एक अडचण होती आणि ती मोठी होती. आमच्या घराण्यात मुलीच्या घरी पाणी पीत नसत. आजोबा माझ्या आत्याकडे जात तेव्हा स्वतःचा भरलेला तांब्या बरोबर नेत, आणि तो संपला की परत निघत. वडील तसे विज्ञानातले. त्यांनी बराच विचार करून पळवाट काढली होती: या घरात जावईच नाही, तेव्हा हे घर मुलीचं असलं तरी रूढ अर्थाने मुलीचं घर नव्हे. माझ्या घटस्फोटाचा एवढा व्यवस्थित उपयोग दुसऱ्या कोणी केला नाही. पण पळवाट पक्की नसावी. पहिल्या आठवड्यात ते घरभर काम शोधत फिरत होते. भांडी-झाडूला बाई होती. सामान दारात येत होतं. बिलं मोबाइलवर भरली जात होती. कन्नड येत नसल्यामुळे पोस्टात, बँकेत, भाजीला पाठवण्यासारखं काही नव्हतं. आठव्या दिवशी त्यांना गाडी सापडली.

रोज सकाळी साडेसहाला ते पोर्चमध्ये जात. एक बादली, जुन्या धोतराचा चौकोनी तुकडा आणि कमरेला खोचलेला पंचा. आधी छत, मग काचा, मग बॉनेट, शेवटी चाकं. पाऊण तास लागे. कुंपणापलीकडे शेजारचे निवृत्त गणित शिक्षक पाईप घेऊन झाडांना पाणी घालत असत. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. मराठी बोलत, पण त्यात निम्मं कन्नड असे आणि उरलेलं वडिलांना आजीच्या वेळचं वाटे.

"असं रोज पाणी घालून ह्या गाडीला पालवी फुटणार, अल्वा?" ते विचारत. अल्वा म्हणजे हो ना.

"फुटली तर तुमच्याकडचं खत लागेल," वडील म्हणत.

मास्तरांकडून वडील एकच कन्नड शब्द शिकले, 'सुम्ने'. म्हणजे उगीच, काही कारण नसताना. मास्तरांच्या प्रत्येक वाक्यात तो असे. सुम्ने विचारलं, सुम्ने आलो, सुम्ने उभा आहे. वडिलांना तो आवडला, पण स्वतःबद्दल ते तो वापरत नसत. ते सुम्ने उभे नसत. गाडी धूत असत.

गाडी धुऊन झाली की ते हात धुऊन टेबलाशी बसत आणि नाश्ता मागून घेत. दोन भाकऱ्या, कधी तिसरी. पाऊस असला आणि धुण्याचं काम नसलं की म्हणत, आज भूक नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला कळायला हवं होतं. दिवसभर मी यंत्रातला कुठला भाग हलल्यावर कुठला हलतो हे लिहीत असते.

ओरखडे मला एका रविवारी दहाच्या सुमारास दिसले. ऊन तिरपं होतं. बॉनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती बारीक, गोल गोल रेघांचं जाळं होतं, कोळ्याने मन लावून विणल्यासारखं. मी वाकून पाहिलं. मग सकाळची आठवण झाली: वडिलांचा हात, धोतराचा तुकडा, बॉनेटवर गोल फिरणारा. हात गोल, रेघा गोल. मी लगेच निष्कर्ष काढला. इतक्या लवकर निघालेल्या निष्कर्षांवर माझा एरवी विश्वास नसतो.

मी त्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी मी अभ्यास केला. दोन आठवडे मी मोज्यांबद्दल वाचत होते. कळलं ते असं की ओरखडे फडक्याने उठत नाहीत, फडक्यात अडकलेल्या धुळीच्या कणाने उठतात. सपाट फडकं कण रंगावर दाबून धरतं. लांब दोऱ्यांचा मोजा कणाला आपल्या पोटात घेतो. म्हणून मोजा लांब दोऱ्यांचा हवा. बादल्या दोन हव्यात, एक साबणाची आणि एक मोजा खळबळण्याची, आणि दुसरीच्या तळाशी जाळी हवी, म्हणजे खाली बसलेली माती पुन्हा वर येत नाही. चाकांचा ब्रश वेगळा. तो रंगाला लावायचा नाही. गाडीवरच्या नावाच्या अक्षरांमधल्या फटींसाठी मऊ केसांचा ब्रश, त्याच्या मानेला लोखंडी पट्टी नको.

हे सगळं खरं आहे. आजही मी ते कोणालाही सांगेन. खरी माहिती माणसाला किती चुकीच्या ठिकाणी नेऊन सोडू शकते, हे मात्र कुठल्याही पाकिटावर छापलेलं नव्हतं.

गाडीच्या सामानाच्या दुकानात मालकाने माझ्यापुढे सहा मोजे पसरले. पैठण्या उलगडाव्यात तसे. तो प्रत्येकाचा उल्लेख आदराने करत होता आणि रंगाला 'पेंट' न म्हणता 'स्किन' म्हणत होता. आपल्या स्किनला काय सोसेल, असं त्याने मला विचारलं तेव्हा मी नकळत स्वतःच्या हाताकडे पाहिलं. शेवटी पोपटी मोजा घेतला, एक निळा जास्तीचा म्हणून घेतला, दोन बादल्या, जाळी आणि दोन ब्रश.

घरी आणल्यावर वडिलांनी एकेक वस्तू उचलून पाहिली. चाकांचा ब्रश परीक्षानळीच्या ब्रशाचा थोरला भाऊ होता, तारेभोवती केस पिळलेला. त्यांनी अंगठ्याने टोक चाचपलं. तिथे तार उघडी होती. ते शिवणाच्या डब्यातून दोरा घेऊन आले आणि टोकाला घट्ट गुंडाळून गाठ मारली. शाळेतल्या प्रत्येक नव्या ब्रशाला ते असंच करत, म्हणाले, नाहीतर नळीच्या बुडाला चरा पडतो आणि पुढच्या वेळी तापवली की तिथेच तडकते.

मग त्यांनी पोपटी मोजा हातात घातला, चष्मा काढला आणि त्याची काच मोज्यावर जोर देऊन घासली. चष्मा प्लॅस्टिकच्या काचांचा होता.

"अहो बाबा, चष्मा खराब होईल."

"झाला तर माझा होईल. गाडी तुझी आहे." त्यांनी चष्मा खिडकीकडे धरून तपासला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चांगला आहे मोजा."

इथेच मी थांबायला हवं होतं. पण मी सूचना लिहिणारी बाई. मी कार्यालयातून नऊ नियमांचा कागद छापून आणला, प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतला आणि पोर्चच्या खांबाला लावला. नियम तीन: हात गोल फिरवू नये, पुढून मागे सरळ न्यावा. नियम पाच: चाकांचा ब्रश अन्यत्र वापरू नये. नियम सहा: जमिनीवर पडलेला मोजा त्या दिवशी पुन्हा वापरू नये. कर्त्याचा उल्लेख कुठेही नव्हता. सूचनांमध्ये तो नसतोच, आणि मला वाटलं होतं की त्यामुळे त्यांना लागणार नाही.

वडिलांनी कागद उभ्याने वाचला, शेवटपर्यंत. "शाळेत मी असाच लावायचो," ते म्हणाले. "मुलांसाठी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नऊच्या नऊ नियम पाळले. नियम पाळण्याची त्यांना सवय होती. पाऊण तासाचा दीड तास झाला. दोन भरलेल्या बादल्या पोर्चच्या पायऱ्यांवरून न्यायच्या म्हणजे चार फेऱ्या. मास्तरांशी गप्पा कमी झाल्या, कारण हात सरळ जातोय की नाही याकडे लक्ष द्यावं लागे. मास्तर मला एकदा म्हणाले की तुझ्या वडिलांची परीक्षा चालू आहे का, सुम्ने विचारतो. मी हसले. मास्तर हसले नाहीत.

एका बुधवारी संध्याकाळी मी कामावरून आले तर गाडी अर्धी धुतलेली होती. त्या दिवशी मी पहाटेच बसने गेले होते. डावी बाजू स्वच्छ, उजवीवर साबण वाळून पांढरे डाग पडलेले. वडील आत खुर्चीत बसले होते आणि पोपटी मोजा पोर्चच्या कठड्यावर पडलेला. सकाळी हातातून मोजा खाली पडला, म्हणाले. मग नियम सहा.

"निळा होता ना कपाटात."

"तुझ्या कपाटात होता. तुला न विचारता कसं उघडायचं?"

त्यांचा हात थोडा थरथरायला लागला होता हे मला तेव्हा दिसलं. मला दया आली, आणि दयेच्या भरात मी त्यांना कामातून मोकळं केलं. गाडी दुकानात नेली, बॉनेट घासूनपुसून ओरखडे काढून घेतले, आणि घरी येऊन सांगितलं की आता पंधरा दिवसांतून एकदा तिथेच धुऊन आणत जाईन, तुम्ही आराम करा. शिवाय मी एक चांगलं कव्हर घेतलं आहे, पहिल्यापेक्षा जाड. गाडीवर धूळच बसणार नाही.

"बरं," ते म्हणाले.

त्यांनी दोन्ही मोजे धुतले, पिळले, वाळवले आणि घडी घालून माझ्या कपाटाच्या बाहेर, पलंगाच्या कडेला ठेवले. ब्रश केस खाली करून टांगले, शाळेतल्यासारखे.

त्यानंतर ते सकाळी बाहेर आले नाहीत. मास्तरांनी कुंपणावरून हाक मारली तर खिडकीतूनच उत्तर दिलं. काय करताय, असं विचारल्यावर पहिल्यांदाच तो शब्द स्वतःसाठी वापरला: "सुम्ने बसलोय." मास्तरांना त्यांचे उच्चार आवडले. भाकरी दोनाची एक झाली. मग ते म्हणू लागले की सकाळी जड होतं, चहा पुरे. चहाचा कप ते आधीपासून स्वतःच धूत. आता आदल्या रात्रीचा पाण्याचा पेलाही धुऊन पालथा घालू लागले. दोन-तीनदा त्यांनी गावाकडचा विषय काढला. घर बंद ठेवलं की भिंतींना ओल येते, कोणीतरी उघडून ठेवायला हवं. मी म्हणाले, शेजाऱ्यांना सांगू. त्यांनी मान हलवली.

आईचं वर्षश्राद्ध आम्ही टी. नरसीपूरला संगमावर केलं. परत येताना रस्त्याचं काम चालू होतं आणि गाडी तांबूस धुळीने भरली. दोघंही थकलो होतो. मी तशाच गाडीवर कव्हर चढवलं. वडील पायरीवर उभे राहून पाहत होते. त्यांना काहीतरी बोलायचं असावं असं वाटलं. पण ते आत गेले.

भाद्रपदात पुन्हा ऊन तिरपं पडलं आणि बॉनेटवर सूर्याभोवती तेच जाळं. पूर्वीपेक्षा दाट. सहा महिने वडिलांनी गाडीला बोट लावलं नव्हतं. मी दुकानात गेले आणि त्यांच्या धुण्याबद्दल तक्रार करायला तोंड उघडलं. मालकाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि दोनच गोष्टी विचारल्या. कव्हर घालता का? धूळ आधी धुऊन घालता का? पहिल्याला मी हो म्हटलं, दुसऱ्याला नाही. तो म्हणाला, वाऱ्याने कव्हर हलतं, खालची धूळ रात्रभर घासली जाते, स्किनचे हालच होतात. आधी कव्हर वापरत होतात का? मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून, फक्त पातळ होतं.

घरी येऊन मी वडिलांना ते सांगितलं. कबुली देणं मला जमत नाही. मी ते एखादी तांत्रिक दुरुस्ती सांगावी तसं सांगितलं. पण शेवटी मी म्हणाले, "मला वाटलं होतं तुमच्या हातामुळे. रेघा गोल होत्या ना."

ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि मांडणीतलं एक जुनं स्टीलचं ताट घेऊन आले. दिव्याखाली धरलं. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेघांचं जाळं दिसत होतं. मग ताट हळूच सरकवलं. प्रतिबिंब सरकलं आणि जाळंही त्याच्याबरोबर सरकलं.

"चरे कसेही असतात. उभे, आडवे. उजेडाभोवती ते गोल दिसतात," ते म्हणाले. "आठवीच्या मुलांना दाखवायचो आम्ही."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नव्हतंस. कागद लावलास." त्यांनी ताट परत मांडणीत ठेवलं. "आणि मुलीच्या घरात वाद कशाला घालायचा."

एवढ्या दिवसांत त्यांनी या घराला पहिल्यांदाच मुलीचं घर म्हटलं. पळवाट बंद झाली होती.

मी म्हणाले, उद्यापासून पुन्हा तुम्हीच धुवा, धोतराने धुवा, कशानेही धुवा. खांबावरचा कागद मी त्याच वेळी काढून आणला. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. गुरुजींनी फोडलेल्या काचेकडे ते असेच पाहत असावेत.

"आता तू माझ्यासाठी काम काढणार. ते काम नव्हे गं," ते म्हणाले. दसऱ्यानंतरचं रेल्वेचं तिकीट त्यांनी मास्तरांकडून काढून घेतलं होतं. मास्तरांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांनाही तसं बजावलेलं होतं.

आयुधपूजेला म्हैसुरात चाकं असलेली प्रत्येक वस्तू धुतली जाते. सकाळपासून गल्लीत पाण्याचे पाट वाहत होते. स्कूटर, सायकली, बस, एका घरासमोर तर लहान मुलाची ढकलगाडीसुद्धा. राजवाड्याकडे हत्ती धुतले जात होते. त्यांना चांगलं खसखसून घासतात, आणि ओरखड्यांबद्दल हत्तींचं काय म्हणणं आहे ते कोणी लिहून ठेवत नाही. आमच्याकडे ती खंडेनवमी. वडील आपणहून पोर्चमध्ये आले. मी पोपटी मोजा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. पंचा कमरेला खोचला, नुसत्या हाताने पाणी घेतलं आणि फक्त पुढची काच धुतली.

"काच कळते मला," ते म्हणाले. "बाकीचं तू बघ."

हात थरथरत होता, पण काचेवर टेकला की स्थिर व्हायचा. मास्तर कुंपणाशी पाईप धरून उभे होते, पाणी एकाच कुंडीत पडत होतं. काचेला हळदीकुंकवाचं बोट मीच लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि गाडी वीतभर पुढे घेतली. नंतर वडिलांनी नाश्ता मागितला. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी ते गावी निघाले. स्टेशनवर मी पाण्याची बाटली विकत घेऊन दिली तर म्हणाले, घरून भरून आणली आहे. आता ते गावी एकटे असतात. रविवारी फोन करतात. ओल बरीच होती, म्हणतात, पण आता भिंती वाळल्या. मी येऊ का म्हटलं तर म्हणतात, ये की, तुझंच घर आहे. मी त्यांना इकडे या म्हटलं की म्हणतात, बघू.

गाडी आता मी स्वतः धुते, दर रविवारी, फडकं हाताला लागेल ते. कव्हर काढून टाकलं. पोपटी मोजा कामाच्या बाईंनी मागून घेतला. त्या तो काठीला बांधून छताचे पंखे पुसतात. पंख्यांवर अजून एकही ओरखडा नाही.